गांजाची मुरवलेली फुलं वर्षभर टिकवताना : साठवणीच्या नोंदी

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पायांचे स्नायू आखडतात, रात्री झोप मोडते. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गांजाची फुलं व्हेपोरायझरमधून, म्हणजे न जाळता तापवून निघणाऱ्या वाफेतून, घेते. आम्ही राहतो तिथे कायद्याने घरी मोजकी रोपं लावता येतात आणि ठरावीक वजनापर्यंत फुलं घरात ठेवता येतात. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजा नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, तेव्हा या नोंदी जिथे मुभा आहे तिथल्या लोकांसाठीच आहेत.

आमची अडचण अशी की पीक वर्षातून एकदाच येतं आणि औषध रोज लागतं. ऑक्टोबरमध्ये भरलेली फुलं पुढच्या सप्टेंबरमध्येही जोराला आणि वासाला तशीच निघायला हवीत. बुरशीचा तर अंशही चालणार नाही, कारण ताई प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेते. लागवड, छाटणी यांबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. वाळवण उतरवल्यापासून पुढचं तेवढं आहे.

१४ ऑक्टोबर

वाळवण उतरवलं. अंधाऱ्या खोलीत १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, आर्द्रता ५५ ते ६० टक्के राखून फांद्या उलट्या टांगल्या होत्या. आता बारीक काड्या वाकवल्या की कट्‌कन मोडतात, जाड देठ अजून लवतात. बरणीत भरायची वेळ हीच. देठही मोडायला लागेपर्यंत थांबलं तर फुलं फार सुकतात आणि मग मुरत नाहीत. गेलेला वास पुन्हा पाणी देऊन परत येत नाही.

तुरा बाहेरून कुरकुरीत लागतो त्यावर भिस्त ठेवू नये. ओलावा देठात आणि तुऱ्याच्या गाभ्यात असतो. बरणी बंद केली की तो सावकाश बाहेर सरकतो आणि सगळीकडे सारखा होतो.

मुरवण्यासाठी मोठ्या काचेच्या, रबरी वायसरच्या बरण्या घेतल्या. प्रत्येक पाऊण भरली. मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे, कारण या टप्प्यात ओली हवा बाहेर काढायची असते. प्रत्येकीत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतेचा मापक. बरण्यांवर क्रमांक, तारीख, रिकाम्या बरणीचं वजन आणि भरलेल्या बरणीचं वजन अशी चिकटपट्टी लावली. वजन लिहून ठेवण्याचा फायदा पुढे जानेवारीच्या नोंदीत दिसेल.

१५ ऑक्टोबर

हायग्रोमीटर तपासायला आजचा दिवस दिला, आणि हा वेळ वाचवू नये असं मी प्रत्येकाला सांगेन. एका लहान झाकणात खाण्याचं मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंबच टाकले. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूइतपत ठेवायचं. ते झाकण आणि सगळे मापक एका बंद डब्यात रात्रभर ठेवले. अशा मिठाच्या गोळ्यावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, म्हणजे प्रत्येक मापकाने ७५ दाखवायला हवं.

आकडे आले ७१, ७८, ७५, ७४, ६९ आणि ७६. एकाच खोक्यातले, एकाच दिवशी घेतलेले मापक. ६९ दाखवणारा न तपासता वापरला असता तर ६६ ची बरणी ६० ची वाटली असती, आणि ती मी निश्चिंतपणे कपाटात ठेवून दिली असती. प्रत्येकाच्या पाठीवर किती मिळवायचे, किती वजा करायचे ते पेनने लिहिलं. यापुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

१६ ऑक्टोबर

पहिली वाचनं: बरणी १ मध्ये ६४, बरणी २ मध्ये ६८, बरणी ३ मध्ये ६३, बरणी ४ मध्ये ७१, बरणी ५ मध्ये ६५, बरणी ६ मध्ये ६२.

मी ठेवलेला नियम असा. ७० च्या वर गेली तर फुलं बाहेर काढून ताटात पसरायची, किमान अर्धा दिवस. ६५ ते ७० असेल तर झाकण काही तास उघडं. ६० ते ६५ असेल तर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं वारा द्यायचा. ५५ च्या खाली गेली तर बरणी जास्त सुकली, तिला उघडायचंच नाही. बहुतेक बुरश्यांना वाढायला ७० च्या वरची आर्द्रता लागते. त्या रेषेपासून अंतर ठेवणं हाच या आकड्यांचा अर्थ.

१७ ऑक्टोबर

बरणी ३ काल ६३ होती, आज ६६. बाहेरून काही आत गेलेलं नाही, गाभ्यातला ओलावा वर आला एवढंच. म्हणून पहिल्या दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नये. झाकण लावल्यावर मापकाला स्थिर व्हायला काही तास लागतात आणि फुलांना त्याहून जास्त.

२० ऑक्टोबर

बरणी ४ गेली.

झाकण उघडताच नाकात अमोनियाचा झोत आला. असा वास म्हणजे आत हवा कोंडून जिवाणूंचं काम सुरू झाल्याची खूण. सगळी फुलं ताटात ओतून एकेक हातात घेतली. सगळ्यात जाड, अंगठ्याएवढा तुरा देठापासून उभा चिरला. वरून हिरवागार, राळेने चकाकणारा. आत देठालगत मात्र राखाडी, लोकरीसारखं काहीतरी, आणि त्याभोवतीचा भाग तपकिरी पडून मऊ झालेला.

ज्यांनी बुरशी आणि राळ यांतला फरक जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: तीस पटीचं भिंग लावलं की राळेच्या ग्रंथी सुट्यासुट्या उभ्या दिसतात. बारीक पारदर्शक दांडा आणि टोकाला गोल थेंब. बुरशीचे धागे आडवेतिडवे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांना टोकाला थेंब नसतो आणि ते एका ग्रंथीवरून दुसरीवर जाळं टाकतात. एकदा पाहिलं की पुन्हा गफलत होत नाही.

ताई शेजारी बसली होती. म्हणाली, "अगं, तेवढाच तुरा काढून टाक ना, बाकीचं चांगलं दिसतंय." मी नाही म्हटलं. बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ताटात ओतताना ते सगळीकडे उडालेले असतात. निरोगी माणसाचं मला माहीत नाही. जिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे तिच्या फुप्फुसात ते जायला नकोत. अख्खी बरणी कचऱ्यात. पिकाचा जवळजवळ सहावा हिस्सा गेला, आणि वर्षाच्या हिशेबात तो जाणवणार आहे.

मग उरलेल्या सगळ्या बरण्यांतले जाड तुरे हाताने फोडून देठ काढून टाकले. पूर्ण दुपार त्यात गेली. यापुढे हे काम बरणीत भरण्याआधीच करायचं. अखंड मोठा तुरा दिसायला सुंदर असतो, साठवायला धोक्याचा. बरणी ४ उकळत्या पाण्याने धुतली, वायसर फेकला.

२९ ऑक्टोबर

पाचही बरण्या ६० ते ६३ मध्ये. उघडल्यावरचा गवतासारखा कच्चा वास कमी होत चाललाय आणि त्यामागून मिऱ्याचा, सालीचा वास वर येतोय. वारा देणं दिवसातून एकदा.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर आकडे हललेले नाहीत. वजनही तेच. मुरण्याचं काम मुख्यतः झालं, आता साठवण सुरू.

तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ताईच्या डॉक्टरांनी बुरशी आणि जिवाणूंचा अहवाल मागितला होता, आणि वर्षअखेरीस तुलना करायला टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या मुख्य प्रभावी द्रव्याचा, आकडाही हवा होता. पूर्ण प्रकल्पात सगळ्यात महाग हीच पायरी आहे. बरण्या, वायसर, मापक, सगळ्याची बेरीज केली तरी त्याहून जास्त. घरात आजारी माणूस नसेल तर ही पायरी गाळता येईल. आम्हाला गाळता येणार नव्हती.

२५ नोव्हेंबर

अहवाल चांगला आला. बुरशी आणि यीस्ट मर्यादेच्या आत. जलक्रियाशीलता ०.६०. हा आकडा म्हणजे बरणीतल्या स्थिर आर्द्रतेचंच दुसरं रूप, ६० टक्क्यांना ०.६०. गांजाच्या फुलांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ०.५५ ते ०.६५ हा पट्टा दिलेला आहे. घरच्या मापकांनी बरणीत ६१ दाखवलं होतं, म्हणजे मिठाची चाचणी कामी आली.

आज मालाची विभागणी केली. मुख्य साठा अर्ध्या लिटरच्या तपकिरी काचेच्या बरण्यांत, प्रत्येकी २८ ग्रॅम, यावेळी अगदी तोंडापर्यंत भरून. मुरवताना मोकळी जागा हवी होती, साठवताना नको, कारण तिथे प्राणवायू असतो आणि टीएचसीला म्हातारं करण्यात त्याचा हात आहे. दाबून मात्र भरलं नाही. दाबलं की राळेच्या ग्रंथी फुटतात आणि वास लवकर उडतो. फुलं दळूनही ठेवली नाहीत, रोज लागतील तेवढीच दळायची.

शिवाय त्याच मालाचे छोटे नमुने वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवले आहेत: पारदर्शक बरणीत खिडकीजवळच्या फळीवर, तपकिरी बरणीत कपाटात, झिप लावायच्या प्लास्टिक पिशवीत, व्हॅक्यूम केलेल्या पिशवीत, आणि एक बरणी फ्रीझरमध्ये. वसंतात उघडेन.

२६ नोव्हेंबर

आर्द्रता राखणाऱ्या पाकिटांबद्दल. ही दुहेरी काम करतात: हवा सुकी असेल तर पाणी सोडतात, ओली असेल तर ओढतात, आणि पाकिटावर छापलेल्या आकड्याला बरणी आणतात. बाजारात ५८ आणि ६२ ही सर्रास मिळतात. मी ५८ ची घेतली. ६२ वरही चालतं, पण माझ्या मापकांचा फरक आणि तापमानाची वरखाली धरली तर ६२ च्या बरणीला वर जायला जागा कमी उरते.

ही पाकिटं ओली फुलं वाळवण्यासाठी नाहीत. ६८ ची बरणी पाकिटावर सोडली तर पाकीट फुगून तृप्त होतं आणि बरणी ओलीच राहते. आधी मुरवून स्थिर करायचं, मगच पाकीट. ते कडक झालं की संपलं, बदलायचं.

सुकलेल्या फुलांना ओलावा द्यायला फळाची साल किंवा ओला कागद टाकायचा सल्ला वारंवार ऐकू येतो. सालीबरोबर तिच्यावरची बुरशीही बरणीत जाते. बरणी ४ चं जे झालं ते पाहिल्यावर हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

९ जानेवारी

वजनाच्या पट्टीचा उपयोग झाला. महिन्याची तपासणी म्हणून न उघडता सगळ्या बरण्या तोलल्या. एक सोडून बाकी न उघडलेल्या बरण्यांचं वजन नोव्हेंबरइतकंच. त्या एका बरणीत ०.७ ग्रॅमची घट. २८ ग्रॅम फुलांत एवढं वजन जाणं म्हणजे पाणी जातंय, आणि पाण्याबरोबर वासही. मापक अजून ५७ दाखवत होता, कारण पाकीट आपलं पाणी देऊन आकडा धरून होतं. पाकीट कडक झालं होतं. म्हणजे नुसत्या मापकावर विसंबले असते तर गळती आणखी महिनाभर कळली नसती.

गळती कुठे हे शोधायला फुलं दुसऱ्या बरणीत काढली. रिकामी बरणी झाकण घट्ट लावून कोमट पाण्यात बुडवून धरली. आतली हवा तापून फुगते आणि वाट मिळेल तिथून निघते. कडेच्या एकाच ठिकाणाहून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. पुसून उजेडात धरली तेव्हा काचेच्या काठाला नखात अडकेल इतका बारीक टवका उडालेला दिसला. नवा वायसर लावूनही बुडबुडे थांबले नाहीत. ती बरणी काढून टाकली.

बाकीच्या सगळ्या बरण्यांची हीच पाण्यातली चाचणी घ्यायची राहिली होती. ती फुलं भरण्याआधीच घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

२३ जानेवारी

ताई आज म्हणाली, "याला पूर्वीसारखा वास नाही गं, आणि घशाला खरखरतंय." ती रोज ज्या बरणीतून घेते तिच्याबद्दल बोलत होती. साठ्यातलीच बरणी, नोव्हेंबरमध्ये तोंडापर्यंत भरलेली, आता पाव उरलेली. मापकावर ५२. बाहेर थंडी, घरात हीटर, खोलीची हवा २८ टक्क्यांवर. ती दिवसातून दोन-तीनदा झाकण उघडते, दर वेळी ही कोरडी हवा आत शिरते, बरणीतली सुगंधी हवा बाहेर पडते, आणि फुलं आतली पोकळी भरायला पुन्हा पाणी आणि वास सोडतात. बरणी जितकी रिकामी तितकी पोकळी मोठी, तितकं नुकसान मोठं.

त्याच दिवशी भरलेली, पण मधे एकदाही न उघडलेली बरणी शेजारी ठेवून उघडली. मापकावर ५९. झाकण सुटताच खोलीच्या दारापर्यंत वास गेला. तीच फुलं, तेच कपाट, तोच काळ. फरक फक्त उघडण्याचा.

आधी उडतात ती हलकी टर्पीनं, म्हणजे वासाची द्रव्यं: मिर्सीन, लिमोनीन, पायनीन. कॅरिओफायलीन त्यामानाने जड, ते मागे राहतं. ताईच्या बरणीत नेमका तोच एकसुरी, मिऱ्यासारखा वास उरला होता.

आजपासून पद्धत बदलली. ताईसाठी १२५ मिलीलिटरच्या छोट्या बरण्या, प्रत्येकीत आठवड्यापुरते ७ ग्रॅम, काठोकाठ. एक २८ ग्रॅमची बरणी उघडली की एका बैठकीत चार छोट्या बरण्या भरायच्या आणि मोठी रिकामी करून ठेवायची. वापरात एका वेळी एकच छोटी बरणी. बाकी कुठल्याही बरणीला हात नाही, बघण्यासाठीसुद्धा नाही. तपासणी करायचीच तर तोलून, काचेतून मापक वाचून.

साठवणीबद्दल जे लिहिलं जातं त्यात काच, पाकीट, तापमान यांवर पानंच्या पानं असतात. यातलं काहीही रोज उघडल्या जाणाऱ्या मोठ्या बरणीला वाचवत नाही. पुन्हा सुरुवात करायची असती तर मी बाकी कशाहीआधी लहान बरण्या घेतल्या असत्या. चार छोट्या बरण्यांना एका मोठीपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात, तेवढाच फरक.

११ फेब्रुवारी

कपाटातल्या बरण्यांचे आकडे सकाळी ५८ आणि संध्याकाळी ६३. गळती नाही, वजन स्थिर. दोन दिवस कपाटात थर्मामीटर ठेवल्यावर उलगडा झाला: मागच्या भिंतीतून गरम पाण्याचा नळ जातो. संध्याकाळी कपाट २७ अंशांवर जातं, पहाटे १९ वर येतं. बंद बरणीत तापमान वाढलं की फुलं पाणी सोडतात आणि हवेची आर्द्रता चढते, थंड झाल्यावर ती परत ओढून घेतात. म्हणून आकडा लिहिताना शेजारी तापमान लिहायला हवं, नाहीतर दोन वाचनांची तुलना होत नाही.

आर्द्रतेपेक्षा मला २७ अंशांची काळजी जास्त वाटली. रासायनिक बदलाचा वेग तापमानाबरोबर चढतो. सगळं आतल्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीपासून दूर हलवलं. तिथे १६ ते १८ अंश, दिवसरात्र. बरण्या कुलपाच्या पेटीत, कारण घरी भाचेमंडळी येतात. पेटी लाकडी आहे, म्हणजे उजेडाचाही प्रश्न मिटला.

२० एप्रिल

नोव्हेंबरमध्ये वेगळे ठेवलेले नमुने उघडले. ताईने डोळे मिटून वास घेतले, मी भिंग घेऊन बसले.

खिडकीजवळची पारदर्शक बरणी: आर्द्रता ५९, म्हणजे झाकण उत्तम. तरी उजेडाकडची बाजू पिवळट तपकिरी पडली आहे, बरणी फिरवली की हिरवी बाजू दिसते. भिंगाखाली राळेचे थेंब मधाच्या रंगाचे, बरेचसे सुरकुतलेले. वास सुक्या गवताचा. १९७६ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ फार्मसीत फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून दाखवलं होतं: साठवणीत नुकसान करणारी सगळ्यात मोठी एकटी गोष्ट म्हणजे प्रकाश. नीट तयार केलेला माल अंधारात, खोलीच्या तापमानाला एक-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकतो असंही त्यांना आढळलं होतं. फ्रीज, फ्रीझर, वायू भरणं यांच्या मागे लागण्याआधी अंधार करावा, तो फुकट आहे.

झिपची पिशवी: फुलं पार सुकलेली, बोटांत भुगा होतो. पिशवी उलटी करून आतली बाजू भिंगाखाली धरली तर प्लास्टिकला राळेच्या ग्रंथी धुळीसारख्या चिकटलेल्या. घर्षणाने प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि ती राळ ओढून घेते. शिवाय या प्लास्टिकमधून हवा आणि वास दोन्ही सावकाश आरपार जातात. कपाट उघडल्यावर येणारा सुगंध हा खरं तर पिशवीतून निसटलेला माल असतो.

व्हॅक्यूमची पिशवी: वास आश्चर्य वाटावं इतका चांगला, रंगही. पण फुलं दाबून वडी झाली आहेत आणि राळ पिशवीला चिकटली आहे. कडक डब्यात ठेवून डब्याची हवा काढता आली तर ही पद्धत मी पुन्हा करून पाहीन.

फ्रीझरची बरणी: बाहेर काढून रात्रभर बंदच ठेवली आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडली. थंड असताना उघडली तर हवेतला दमटपणा फुलांवर दव होऊन बसतो. रंग, वास ताजा. मात्र बरणीच्या तळाशी फिकट पिवळी पूड साचली होती. भिंगात पाहिलं तर सगळे राळेचे थेंब, दांड्यावरून तुटून पडलेले. गोठल्यावर ते ठिसूळ होतात आणि बरणीला लागलेला धक्काही पुरतो. लांबच्या साठवणीला फ्रीझर वापरायचा तर बरणी आत ठेवल्यावर हलवायची नाही, आणि एकदा काढली की परत ठेवायची नाही.

कपाटातली तपकिरी बरणी: ५८. ताई एवढंच म्हणाली, "हीच नोव्हेंबरची ना?"

८ मे

पारदर्शक आणि तपकिरी बरणीतले नमुने प्रयोगशाळेत पाठवले होते, अहवाल आला. पारदर्शक बरणीत टीएचसी स्पष्ट घटलेलं आणि सीबीएन ठळक. तपकिरी बरणीत टीएचसी नोव्हेंबरच्या आकड्याच्या अगदी जवळ, सीबीएन नाममात्र.

टीएचसी झिजलं की त्याचं सीबीएन होतं, म्हणून मालाचं वय ओळखायला हा आकडा उपयोगी. रसायनशास्त्राच्या इतिहासातही सीबीएनच आधी हाती लागलं: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजला वूड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी भारतीय चरसातून मिळालेल्या ज्या द्रव्याला कॅनाबिनॉल नाव दिलं ते हेच. शुद्ध टीएचसी वेगळं करायला गाओनी आणि मेशुलम यांच्या १९६४ च्या कामापर्यंत थांबावं लागलं.

ताईच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. मात्रा फुलांच्या वजनावर ठरलेली आहे. फुलांचा जोर बरणीगणिक बदलला तर तेवढ्याच वजनाने एका आठवड्यात पाय सैल होतील आणि दुसऱ्या आठवड्यात नाही, आणि दोष औषधाला लागेल. तिने फेब्रुवारीपासून रोजच्या नोंदवहीत झोपेचे तास लिहायला घेतले आहेत. छोट्या बरण्यांवर गेल्यापासून ते सरळ रेषेत आहेत. तिच्या डॉक्टरांनी ती वही मागून घेऊन वाचली.

१७ जुलै

उन्हाळा. खोली २९ अंशांवर, कपाटाचा तळ २३ वर. बरण्या ६० ते ६१. दोन पाकिटं बदलली. तेवढंच.

३ सप्टेंबर

पुढच्या पिकाचं नियोजन. किती दिवसांचा साठा करावा यासाठी रॉस आणि एल्‌सोली या संशोधकांचे १९९९ चे आकडे समोर ठेवले. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या गांजात टीएचसीची सरासरी घट एका वर्षात १६.६ टक्के, दोन वर्षांत २६.८, तीन वर्षांत ३४.५ आणि चार वर्षांत ४१.४ टक्के. सगळ्यात मोठी घसरण पहिल्याच वर्षात आहे. म्हणून पीक चांगलं आलं तरी दोन वर्षांची बेगमी करायची नाही. वर्षभर पुरेल एवढंच, शिवाय बरणी ४ सारखं काही घडलं तर म्हणून थोडं वर.

६ ऑक्टोबर

शेवटची २८ ग्रॅमची बरणी उघडली. न उघडता दहा महिन्यांहून जास्त. ५८ टक्के, वजन भरलं तेव्हा होतं तेवढंच, भिंगाखाली बहुतेक थेंब दुधाळ, काही मधाळ. वास थोडा मवाळ झालाय, पण सालीचा आंबटसर तीव्रपणा शाबूत आहे, म्हणजे हलकी टर्पीनंही पुष्कळ टिकली. चार छोट्या बरण्या भरल्या, त्या नवं पीक मुरेपर्यंत पुरतील.

रिकाम्या बरण्या धुण्याबद्दल: राळ साबणाने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं ओतून झाकण लावून हलवायचं, मग गरम पाणी आणि साबण, मग उघड्या तोंडाने दोन दिवस वाळवायचं. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर. वायसर मात्र सगळे नवे मागवले आहेत. जुन्या रबराने वास धरला आहे, आणि वर्षभर दाबला गेल्याने त्यावर काचेच्या काठाचा चर पडला आहे. तसा वायसर पाण्याच्या चाचणीत बुडबुडे सोडतो.